खाच

वाठोड्याच्या एका काकांच्या मुलीची पत्रिका स्क्रीनवर होती. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या खाली मुलीचं नाव टाकत होते आणि टेबलाखाली फट्ट झालं. लवंगी फटाका फुटावा तसं, एकदाच. स्क्रीन काळी. मग करपल्याचा वास. कूलर सुरू होता, ट्यूब सुरू होती, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन सुरू होतं. गेला होता तो फक्त माझा कॉम्प्युटर. मे महिना, दुपारचे बारा, आणि काकांना प्रूफ संध्याकाळी पाहिजे होतं.

महालात बडकस चौकापासून थोडं आत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुपूजनाची कार्डं, तेरवीची कार्डं. याच जागेत आधी बाबांचं छपाईचं ट्रेडल मशीन होतं. बाबा कंपोझिटर. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. त्यांची एक लाकडी केस, म्हणजे खिळे ठेवायचे खण असलेला तो मोठा ट्रे, मी अजून भिंतीवर टांगून ठेवली आहे. खिळे केव्हाच मोडीत गेले. खणांत आता टाचण्या, रबरबँड आणि उदबत्तीचा पुडा असतो.

कॉम्प्युटर २००९चा. चौदा वर्षांत तो कितीदा बंद पडला ते मोजलं नाही, पण दर वेळी एक दादा यायचे. कॅबिनेट उचलून मागच्या खोलीत न्यायचे, आमच्याकडे पाठ करून बसायचे, आणि दहा मिनिटांत ‘झालं ताई’ म्हणत आणून ठेवायचे. आधी तीनशे घेत, मग पाचशे. आत काय केलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी फोन केला तर ते सासुरवाडीच्या लग्नाला बालाघाटला.

“आठ-दहा दिवसांत येऊन राहिलो ना ताई. ठेवा तसंच झाकून.”

लग्नसराईत आठ-दहा दिवस झाकून ठेवायला ते काय लोणचं होतं? काकांची पत्रिका मी मैत्रिणीच्या दुकानात बसून कशीबशी उरकली आणि रात्री पुण्याला भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. ओंकार स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडतो, एवढं मला माहीत होतं.

“मावशी, तूच उघड ना,” तो म्हणाला. “मागे दोन स्क्रू आहेत फक्त.”

“करंट लागला म्हणजे?”

“प्लग काढ. आणि प्लग काढल्यावर समोरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धर. उरलासुरला निघून जाईल.”

दोन स्क्रू काढले, बाजूचा पत्रा मागे सरकवला. आत जे होतं त्याला धूळ म्हणवत नाही. नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतो; त्याच्या ओलसर हवेनं धूळ चिकटून चिकटून तिचा नमदा झाला होता. एक मेलेलं झुरळ. आणि तळाशी, पत्र्यावर, बारीक गुंडाळ्या गुंडाळ्यांचा मळकट पांढरा चुरा. उंदराचं काही असेल म्हणून मी हात मागे घेतला. ओंकारला दाखवलं तर तो हसायलाच लागला.

“खोडरबर आहे तो! रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्टीच्या खालच्या काठाला सोनेरी दात असतात बघ. त्यांच्यावर थर चढला की कॉम्प्युटर सुरू होत नाही. पट्टी काढायची, दात खोडरबरनं घासायचे, परत दाबून बसवायची. झालं.”

चौदा वर्षं. दर वेळी तीनशे-पाचशे. तोंडातून निघून गेलं, “बाप्पा!” पण खरं सांगायचं तर राग दादांवर आला नाही. मशीन तर सुरू व्हायचंच. आणि दुकानाच्या गल्ल्यातलं खोडरबर माझ्या हाताशीच होतं की.

या वेळी मात्र खोडरबरनं भागणार नव्हतं. कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यात जाळीचा एक चौकोनी डबा असतो, एसएमपीएस. भिंतीतून येणारे २३० व्होल्ट घेऊन तो त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आतल्या सगळ्यांना वाटतो. त्याच्यातून वायरींचा जुडगा निघतो, त्यातल्या सगळ्यात मोठ्या जोडणीला २४ भोकं. ओंकारनं मला त्या सगळ्या जोडण्या बोर्डावरून, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मोठ्या पाटीवरून, सोडवायला लावल्या, मग हिरव्या वायरच्या भोकात आणि शेजारच्या काळ्या वायरच्या भोकात वाकवलेली यू-पिन घालायला लावली, आणि सगळ्यात शेवटी स्विच दाबायला. डबा जिवंत असेल तर त्याचा पंखा फिरतो म्हणे. मी डोळे मिटून स्विच दाबला. काही फिरलं नाही.

“गेला तो. आणि मावशी, तो डबा उघडायचा नाही हं. प्लग काढून ठेवला तरी आतल्या कॅपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो.”

मग मोबाइलचा टॉर्च मारून त्यानं मला बोर्डावर नेलं. प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूच्या, बाजूला नळकांड्यांची एक रांग होती, पेन्सिलीच्या तुकड्यांएवढी. तेही कॅपॅसिटरच. त्यांची डोकी सपाट पाहिजेत. तिघांची पुरीसारखी फुगली होती आणि एकातून तपकिरी डिंक गळून वाळला होता. म्हणजे मदरबोर्डही. अशा जुन्या बोर्डाला दुरुस्तीत पैसे घालू नको, त्याच्या जातीची रॅमसुद्धा आता नवी मिळत नाही, असं ओंकारचं म्हणणं.

“पण माझी चौदा वर्षांची कामं?”

“ती खाली, त्या चपट्या डबीत. हार्ड डिस्क वेगळी असते, मावशी.”

दिवसभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणून सांगत होते. गेले होते त्यातले दोघे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत बर्डीला, सीताबर्डीच्या बाजारात, निघाले. गांधीसागरावरून, कॉटन मार्केट, लोहापूल. साडेदहालाच डांबर चपलेला चिकटत होतं. पहिल्या दुकानात शिरले, काम सांगितलं, आणि मुलानं लगेच एक तयार डबा पुढे केला. “आय-फाइव्ह आहे मॅडम. चौदा हजार. सोळा जीबी.” माझ्या कानाला आय-फाइव्ह म्हणजे मोठं नाव. पैसे काढायच्या बेतात होते. कानातल्या फोनवर ओंकार ओरडला, “कुठल्या पिढीचा ते विचार!”

“थर्ड जनरेशन. पण आय-फाइव्ह आहे ना मॅडम!”

तिसरी पिढी २०१२ची. म्हणजे माझ्या मेलेल्या मशीनपेक्षा तीन वर्षांनी लहान, एवढाच काय तो फरक. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला माल, पुसून ठेवलेला. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे याच्यावर कायम मागचीच विंडोज चालवत बसा. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे नुसते आडनावासारखे. पोरगं कोणत्या साली जन्मलं ते त्यावरून कळत नाही. जुना घेणं वाईट असं मी म्हणत नाही, पण समोरच्यानं वय सांगून विकावं.

दुसऱ्या दुकानातला माणूस वयस्क होता आणि त्याला घाई नव्हती. मी काय काम करते ते त्यानं आधी विचारलं. कोरल ड्रॉ, पेजमेकर, थोडं फोटोचं काम. गेम? नाही जी. व्हिडिओ? पोरीच्या वाढदिवसाचा, वर्षातून एक. मग ओंकारनं लिहून दिलेल्या यादीतल्याच प्रोसेसरवर त्यानं बोट ठेवलं: रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, ६५ वॅट. यातला तो शेवटचा ‘जी’ माझ्या कामाचा. त्याचा अर्थ, चित्र दाखवायची सोय प्रोसेसरच्या पोटातच आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायला नको. फक्त ते ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधूनच उधार घेतं. म्हणून सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्यायच्या. दोन पट्ट्या असल्या की दोन रस्त्यांनी ये-जा होते.

मदरबोर्ड बी४५० जातीचा. त्याच्या खोक्यावर ५००० मालिकेला तयार असल्याचा स्टिकर आहे की नाही ते बघून घ्या, असं त्यानं आपणहून सांगितलं. हा बोर्ड त्या प्रोसेसरच्या आधी बाजारात आलेला. जुना साठा असेल तर त्याच्यातल्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, नवा प्रोसेसर ओळखूच येत नाही. सॉकेट तेच, पाय बसतात तसेच, पण ओळख पटत नाही. अशा वेळी बोर्डही चांगला, प्रोसेसरही चांगला, आणि गिऱ्हाईक रडकुंडीला.

भांडण झालं ते एसएमपीएसवर. कॅबिनेटसोबत एक फुकट मिळत होता, त्याच्यावरही ४५० वॅट लिहिलेलं. ओंकारनं सांगितलेल्या, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ शिक्का असलेल्याचे वेगळे दोन-अडीच हजार. मला ते जिवावर आलं. दुकानदारानं दोन्ही माझ्या दोन हातांत दिले. एक बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखा, दुसरा वरवंट्यासारखा. “लिहायला काय लागते ताई, शाईच ना?” तो म्हणाला. ८० प्लसचा शिक्का असला तर भिंतीतून ओढलेल्या विजेतली निदान ८० टक्के आत पोचते. उरलेली उष्णता होऊन जाते. फुकटवाल्यात किती पोचते ते कोणी मोजलेलंच नसतं. नागपूरच्या मे महिन्यात दुकानात आणखी एक शेगडी कशाला, असा विचार करून मी वरवंटा घेतला.

कच्चं बिल की पक्कं, असंही त्यानं विचारलं. १८ टक्के जीएसटी वाचवायचा मोह कोणाला होत नाही? पण वॉरंटीचा दावा करताना बिल आणि त्यावरचा सीरियल नंबर लागतो. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, फाइली साठवायची एसएसडी, एसएमपीएस, प्रत्येकाचा नंबर मी त्याला बिलावर लिहायला लावला. सगळे मिळून पस्तीस हजारांच्या आत बसलं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरचेच.

“फिटिंग पाचशे, उद्या घेऊन जा,” तो म्हणाला. पुन्हा पाचशे! मी म्हटलं, “नको, मीच करते.” त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि वर एक छोटा पेचकस फुकट दिला.

रात्री आठला शटर अर्धं ओढलं, पत्रिका कापायचं टेबल पुसलं, फोन तेलाच्या बाटलीला टेकवून ओंकारला समोर उभा केला. त्यानं आधी पत्र्याला हात लावायला सांगितलं, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. नागपूरच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना अंधारात ठिणग्या दिसतात. त्यातली एखादी ठिणगी अशा वस्तूला पुरते. मेमध्ये कूलरच्या दमट हवेत तेवढी भीती नाही, तरी मी दर पाच मिनिटांनी देवाला शिवल्यासारखी कॅबिनेटला शिवत होते.

प्रोसेसर डबीतून काढला. चार सेंटिमीटरचा चौकोन, बिस्किटापेक्षा लहान, आणि खाली १३३१ पाय. केसासारखे, ओळीत. एक वाकला तर अकरा-बारा हजार पाण्यात. बोर्डावरच्या सॉकेटला तेवढीच भोकं. हात थरथरायला लागला.

“एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण आहे बघ,” ओंकार म्हणाला. “सॉकेटवरही एका कोपऱ्यात त्रिकोण आहे. तेवढा जुळव. दांडी वर कर आणि नुसता सोड. दाबायचं नाही.”

आणि मला एकदम बाबा आठवले. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. बाबा अक्षर बघत नसत. बघून तरी काय, शिशाचं अक्षर उलटंच असतं. बोटाला खाच लागली की खिळा सुलटा. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीत, ओळ भरली की सगळ्या खाचा एका रांगेत, एका बाजूला. एक जरी खाच फितूर असली तर ‘खाच बघ, खाच,’ म्हणून शिकाऊ पोराच्या डोक्यात टपली. लहानपणी त्या टपल्या मीही खाल्ल्या आहेत. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण हे कळत होतं.

त्रिकोणावर त्रिकोण धरला, सोडला. तो आपल्या आपण खाली गेला, कपाटात घडी ठेवावी तसा. दांडी खाली केली. एवढंच. हातरुमालानं कपाळ पुसलं.

पुढचं मात्र अंगाशी आलं. प्रोसेसरवर एक पंखा बसतो, खाली अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या. खोक्यात आलेला पंखा चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंचा, आणि बोर्डावर आधीपासून काळ्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या बसवलेल्या. त्या काढल्याशिवाय हा बसत नाही. काढल्या. बोर्ड जरा तिरपा करून बघायला उचलला, तर खालून एक लोखंडी चौकट टेबलावर खण्णकन पडली. मी बोर्ड फुटला असंच समजले. किंचाळलेही, शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. ती चौकट म्हणजे बोर्डाच्या पाठीमागचा आधार. वरच्या पट्ट्यांच्या स्क्रूंनीच ती धरलेली असते. स्क्रू काढले की तिला कोणी नाही. पंख्याचे स्क्रू तिच्यातच जाऊन बसायचे. म्हणजे एका हातानं खालून चौकट धरायची, दुसऱ्यानं पंखा सरळ ठेवायचा आणि तिसऱ्यानं पेचकस फिरवायचा. तिसरा हात झेरॉक्सवाल्याचा.

या गडबडीत पंखा एकदा टेकला आणि परत उचलला गेला. त्याच्या बुडाला कंपनीनं करड्या पेस्टचा चौकोन लावून दिलेला असतो. प्रोसेसरचा पत्रा आणि पंख्याचं बूड कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक फटी राहतात, त्यात हवा, आणि हवा उष्णता नेत नाही. पेस्ट त्या फटी भरते. एकदा टेकवून उचलली की ती ओबडधोबड होते, खाली हवेचे बुडबुडे राहतात. त्या रात्री काम तिथेच थांबलं. सकाळी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पेस्टची ट्यूब आणली, दोन्ही बाजू चकाचक पुसल्या, मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवला, आणि या वेळी झेरॉक्सवाल्याला आधीच बोलावलं. स्क्रू कोपऱ्याला कोपरा घेत, थोडे थोडे कसायचे, स्कूटरची स्टेपनी कसतो तसे. नाहीतर पंखा एका बाजूला कलतो.

रॅमला खाच आहेच, अगदी नावाची खाच. बरोबर मध्यावर नाही, जरा एका अंगाला, म्हणून पट्टी उलटी जातच नाही. गंमत म्हणून जुन्या मशीनची डीडीआर२ पिढीची पट्टी नव्या डीडीआर४च्या खाचेत लावून पाहिली, जुळेना. बाबांच्या स्टिकमध्येही बारा पॉइंटचा खिळा दहाच्या ओळीत जुळत नसे. नवी पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. किती दाबायचं असतं हे कोणी सांगत नाही: भीती वाटेल इतकं. मग कट्ट होतं आणि बाजूचा खटका आपोआप मिटतो.

एसएसडी म्हणजे च्युइंग गमची पट्टी. बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब. तिरपी घालायची, आडवी दाबायची, शेवटाला एक स्क्रू. तो स्क्रू साबुदाण्यापेक्षा लहान आहे आणि तो माझ्या हातून पडला. अर्धा तास गुडघ्यावर बसून शोधला. सापडला कटरच्या खाली, उचलला बाबांच्या चिमट्यानं, ज्यानं ते चुकलेला खिळा ओळीतून उपसत.

बोर्ड कॅबिनेटमध्ये पितळी ठोकळ्यांवर बसवायचा असतो; तो थेट पत्र्याला टेकला तर पाठीमागचे सांधे शॉर्ट होतात. मागच्या जोडण्यांभोवतीचा पत्र्याचा मुखवटा बोर्डाच्या आधी बसवायचा असतो, हे मला बोर्डाचे सगळे स्क्रू कसून झाल्यावर कळलं. पुन्हा सगळे काढले. याबद्दल जास्त बोलत नाही.

समोरच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या वायरी हा मला सगळ्यात जवळचा भाग वाटला, कारण तो प्रूफ वाचण्यासारखा आहे. बोर्डाच्या कोपऱ्यात नऊ काटे, त्यांच्या शेजारी मुंगीच्या अक्षरांत नावं. बाबांचं भिंग काढलं. दिव्याला प्लस-मायनस बघावा लागतो, उलटा लावला तर तो पेटत नाही. बटणाला उलटं-सुलटं नसतं.

सगळं जोडलं. ओंकार फोनवर, झेरॉक्सवाला दारात, त्याचं गिऱ्हाईकही आत डोकावून. बटण दाबलं. पंखे फिरले! टाळ्याही पडल्या. आणि स्क्रीन काळीच.

दोन मिनिटं थांबलो. काळीच. झेरॉक्सवाला म्हणाला, “रॅम घासून पाहा ना ताई.” मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गेला.

“कॅबिनेटच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बघ,” ओंकार म्हणाला, “प्रोसेसरजवळ आठ भोकांची एक जागा आहे. तिथे काही लावलंस?”

नव्हतं लावलं. मोठी २४ पिनांची जोडणी बोर्डाला वीज देते, प्रोसेसरची वीज वेगळी, या आठांतून येते. ती नसेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि प्रोसेसर उपाशी बसून राहतो. लग्नात बँड वाजतोय, मांडव सजलाय, आणि नवरदेवच पोचला नाही, तसं. बोर्ड आत बसून झाला होता, त्याच्या कडेला हात जायला जागा नव्हती. वायर चिमट्यानं ढकलून ढकलून बसवली. तिलाही एका बाजूला खटका होता. खटका जिकडे, खाच तिकडे.

दुसऱ्यांदा बटण दाबलं आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. प्रोसेसरचं नाव, रॅम १६ जीबी, तापमान. रॅम ३२०० वेगाची घेतलेली, दाखवत होती २४००. मी फसवणूक झाली म्हणून दुकानदाराला फोन लावणार होते. पण ती आपण बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सोय सुरू करेपर्यंत जपून चालते, असं कळलं. विंडोज टाकल्यावर ५०० जीबीच्या एसएसडीत ४६५ दिसले. पुन्हा मापात पाप वाटलं. तेही पाप नव्हतं. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४च्या.

जुनी हार्ड डिस्क साटा केबलनं जोडली तेव्हा मात्र मी देवाचं नाव घेतलं. ती घुर्रली, आणि ३२० जीबींत चौदा वर्षांचे नवरदेव-नवऱ्या एकामागून एक उघडल्या. उघडल्या, पण अगम्य भाषेत. ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची मिसळ. माझी जुनी कामं युनिकोडच्या आधीच्या फाँटमधली. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरं बसवलेली असतात. फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाँटची फाइल जुन्या विंडोजच्या फोल्डरमधून उचलून नव्यात टाकली आणि सगळ्या पत्रिका परत मराठी बोलायला लागल्या. डिस्क तशीच नव्या कॅबिनेटमध्ये बसवून टाकली. तिच्यावर आता नवं काम ठेवत नाही. चौदा वर्षं फिरलेली तबकडी आहे, किती दिवस फिरेल कोणास ठाऊक.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सुरू झाला तेव्हा मी रोज तापमान बघायची सवय लावून घेतली. बाहेर ४४, आत कूलर. रिकामा असताना पन्नाशीच्या आसपास, मोठी फाइल निघताना सत्तर. या प्रोसेसरला ९५पर्यंत परवानगी आहे. आधी कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवत होते, त्यालाही थंड वाटावं म्हणून. ते बंद केलं. खसाच्या ताट्यांतून येणारी हवा माणसाला बरी, बोर्डाला नाही. जुन्यात नमदा तिनेच केला होता. आता ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून वीतभर पुढे, आणि समोरची जाळी मी दर रविवारी ब्रशनं झाडते.

बाराव्या दिवशी दादा आले. हातात बालाघाटच्या लग्नाचा पेढ्यांचा पुडा. नवा डबा त्यांनी आल्या आल्या पाहिला.

“कोणाकडून बसवून घेतला ताई?”

“मीच बसवला.”

ते वाकले, काचेतून आत बघत राहिले. वायरींवर नजर फिरवली, पंखा कुठून हवा घेतो ते हात लावून पाहिलं. “आठ पिनवाली आधी लावायची असते,” ते म्हणाले. “बोर्ड आत जायच्या आधी. नाहीतर मग हात जात नाही.” मी काही बोलले नाही.

चहा झाला. मी भिंतीवरच्या केसच्या ‘ळ’च्या खणातून एक स्क्रू काढून त्यांच्यापुढे ठेवला. सगळं झाल्यावर हा एक उरला होता, आणि कुठला ते ओंकारलाही फोनवर सांगता आलं नव्हतं. त्यांनी तो बोटांत फिरवला, आटे नखानं मोजल्यासारखे केले.

“जाड आट्यांचा आहे. हार्ड डिस्कचा. चार लागतात, तुम्ही तीनच कसले असतील.”

मी कॅबिनेट आडवं केलं आणि मागचे दोन स्क्रू काढले. दादा खुर्ची ओढून समोर बसले आणि त्यांनी मोबाइलचा टॉर्च धरला. तीनच होते.